मित्राच्या फर्ममध्ये वीस लाख घालण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३६, राहणार गोव्यातला फोंडा तालुका. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून स्थापत्य शाखेची पदवी घेतली, तेव्हापासून एकाच मोठ्या बांधकाम कंपनीत. सध्या बार्देशातल्या एका हॉटेलच्या कामावर प्रोजेक्ट मॅनेजर. कंपनीने हैदराबादच्या मुख्य कार्यालयात वरचं पद देऊ केलं आहे आणि दोन महिन्यांत उत्तर मागितलं आहे; वाचकाला ते कागद ढकलण्याचं वाटतं, मन साइटवर रमतं. त्याच वेळी म्हापशात आठ वर्षं कंत्राटं घेणारा कॉलेजचा मित्र म्हणतो, "वीस लाख घाल, निम्मा भागीदार हो." पैशांसाठी घर तारण ठेवावं लागेल. पत्नी उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवते, मुलगी सहा वर्षांची. वडिलांचे खनिज वाहतुकीचे ट्रक होते. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर हप्ते फेडताना घराची जी ओढाताण झाली, ती कुणी विसरलेलं नाही, त्यामुळे वडिलांचा ठाम विरोध आहे. वाचक विचारतात, "श्रीधरन, वालचंद हिराचंद अशी माणसं नोकरीला चिकटून राहिली असती तर मोठी झाली असती का? माझा निर्णय होत नाही, म्हणजे मी भित्रा आहे का?"

प्रिय वाचक,

भित्रेपणाचा विषय आधी संपवू. पायाच्या खड्ड्यात पाणी साचलं असताना, माती परीक्षणाचा अहवाल हाती नसताना तुम्ही काँक्रीट ओतायला नकार दिलात तर तुम्हाला कुणी भित्रा म्हणणार नाही. मित्राच्या फर्मचे हिशेब तुम्ही अजून पाहिलेले नाहीत. निदान पत्रात तसा उल्लेख नाही. जमिनीखाली काय आहे ते ठाऊक नसताना पाऊल अडखळणं हा तुमच्या शिक्षणाचाच गुण आहे.

आता ज्यांची नावं तुम्ही घेतलीत त्यांच्याकडे वळू, कारण त्यांच्या आयुष्याचा तुम्ही लावलेला अर्थ मला पटत नाही. ई. श्रीधरन यांनी स्वतःची कंपनी कधी काढली नाही. १९६४ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झालेला पांबनचा पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा केला, तेव्हा ते रेल्वेतले तरुण अभियंता होते. १९९० मध्ये रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांनी कोकण रेल्वे महामंडळाची धुरा घेतली, तीही पगारीच. त्या कामातले पूल आणि बोगदे सगळ्यांना आठवतात. पैशांची मांडणी मात्र फारसं कुणी सांगत नाही. महामंडळाच्या भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोव्याचा आणि केरळचा प्रत्येकी ६ टक्के होता, आणि उरलेला मोठा पैसा बाजारात रोखे विकून उभा केला. दरवर्षीच्या अर्थसंकल्पात काय पदरात पडतं याची वाट पाहत बसले असते तर रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये सलग सुरू झाला नसता. आणि एवढं सगळं जुळवूनही आपल्या पेडण्याच्या बोगद्याने त्यांना शेवटपर्यंत छळलं. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खडकातून गेला. पेडण्याचा जेमतेम दीड किलोमीटरचा, पण मऊ, पाणी धरणाऱ्या मातीचा.

वालचंदांचं उदाहरण नेमकं उलटं आहे. ते अभियंता नव्हतेच. सोलापूरच्या व्यापारी घराण्यातले, घरची पत आणि भांडवल पाठीशी असलेले. रेल्वेची कंत्राटं त्यांनी सुरू केली ती लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत. फाटक रेल्वेतले माजी कारकून, म्हणजे खातं कसं चालतं हे आतून माहीत असलेले. पुढे १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन उभी राहिली आणि भोर घाटातले बोगदे हे तिचं पहिलं मोठं काम ठरलं. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी आणल्या होत्या, तिथे त्या भागीदारीचं बळ होतं. यांत तिसरं नाव मी घालतो, अभियंता विश्वेश्वरय्यांचं. त्यांनी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात वर्षानुवर्षं नोकरी केली, १९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले आणि पुढच्याच वर्षी तिथे बँक उभी करून दिली. धरणं बांधणाऱ्या माणसाला बँकेची गरज का वाटली असेल, याचा विचार तुम्ही जरूर करा.

या तिघांत धंदा काढला एकानेच. पण काम सुरू होण्याआधी पैसा, वेळ आणि माणसं यांची सांगड तिघांनीही घातली. तुमच्या पत्रात काँक्रीट आहे, हैदराबाद आहे, घर आहे. पैसा कधी येतो आणि कधी जातो याबद्दल मात्र एक ओळसुद्धा नाही. मोठ्या कंपनीत साइटवर काम करणाऱ्या बहुतेक अभियंत्यांचं हेच होतं. इंडेंट (मागणीपत्र) लिहिलं की सिमेंट येतं, मस्टर (हजेरीपट) पाठवलं की मजुरी जमा होते, आणि पैसे जाण्या-येण्यातला मधला खड्डा लेखा विभाग भरतो. स्वतःच्या धंद्यात तो खड्डा तुम्हाला भरायचा आहे. म्हणून एक हिशेब सविस्तर मांडतो. तुमच्यासारखे अनेक जण याच वळणावर उभे आहेत, त्यांनीही तो स्वतःच्या आकड्यांनी करून पाहावा.

समजा एका बिल्डरचं ८० लाखांचं काम मिळालं. ऑक्टोबर ते मे, गोव्यातला बांधकामाचा एक पूर्ण हंगाम, आठ महिने, दर महिन्याला १० लाखांचं बिल. नफा १२ टक्के, म्हणजे महिन्याचा खर्च ८.८ लाख. ऑक्टोबरचं बिल ३१ तारखेला दिलं. मोजमाप, तपासणी, सही यांत पंधरा दिवस आणि पैसे हाती यायला आणखी तीस दिवस धरले, तर पहिली रक्कम डिसेंबरच्या मध्याला येते. तोपर्यंत ऑक्टोबरचे ८.८, नोव्हेंबरचे ८.८ आणि अर्ध्या डिसेंबरचे ४.४ असे २२ लाख तुमच्या खिशातून गेलेले असतात. बरं, हाती येतात तेही १० लाख नव्हेत. ५ टक्के रिटेन्शन (कामाची हमी म्हणून राखून ठेवलेली रक्कम) आणि भागीदारी फर्म असेल तर २ टक्के टीडीएस (आगाऊ कापलेला आयकर) कापून ९.३ लाख येतात. पुढच्या महिन्यात ८.८ जातात आणि ९.३ येतात, म्हणजे खड्डा महिन्याला फक्त ५० हजारांनी उथळ होतो. सिमेंट-सळईच्या दुकानदाराने महिनाभराची उधारी दिली तर पाच-सहा लाखांचा भार हलका होतो, इतकंच.

जीएसटी यात धरलेला नाही. दहा लाखांच्या बिलावर १८ टक्क्यांनी १.८ लाख. साहित्यावर भरलेल्या कराची वजावट जाऊन जे उरेल ते पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं, मग बिल्डरने पैसे दिलेले असोत वा नसोत.

काम संपल्यावर काय उरतं? कागदावरचा नफा ९.६ लाख. त्यातले ४ लाख रिटेन्शनमध्ये, दोषदायित्वाचा काळ (कामात दोष निघाला तर तो तुम्हीच दुरुस्त करायचा काळ) संपेपर्यंत, साधारण वर्षभर अडकलेले. १.६ लाख टीडीएसमध्ये, आयकराचा हिशेब होईपर्यंत. हाती ४ लाख, निम्म्या भागीदाराच्या वाट्याला २ लाख, तेही शेवटचं बिल जुलैच्या मध्याला मिळालं तर. घर तारण ठेवून घेतलेल्या वीस लाखांवर १२ टक्के व्याज धरलं तर आठ महिन्यांचं व्याजच १.६ लाख होतं. तुमचा मित्र म्हणेल, आपण तीन कामं एकदम करतो. मान्य. मग खड्डाही तिप्पट, ६६ लाखांचा. आणि पहिलं बिल एक महिना जरी लांबलं तरी एकाच कामाचा खड्डा २२ वरून जवळजवळ ३१ लाखांवर जातो. कंत्राटदार बुडतात ते नफा कमी असल्याने क्वचितच. हातात कामं भरपूर असताना शनिवारी मजुरांच्या आठवड्याच्या मजुरीचे पैसे नसतात, म्हणून बुडतात.

तुमच्या वडिलांचा विरोध या हिशेबाशेजारी ठेवून पाहा. २०१२ मध्ये ट्रक उत्तम चालत होते, वडील मेहनती होते, तरीही एकाच गिऱ्हाइकावर आणि एकाच कर्जावर उभं घर हललं. धंदा वाईट असं ते म्हणत नसावेत. घर तारण ठेवू नकोस, एवढंच कदाचित त्यांना सांगायचं असेल. त्यांना तसं सरळ विचारा. ते "धंदा कर, पण घर नको" म्हणाले तर तुमचा निम्मा तिढा तिथेच सुटेल.

घराबाबत गोव्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. लग्नाआधी वेगळा करार नोंदवलेला नसेल तर आपल्या नागरी संहितेनुसार पतीपत्नीची मालमत्ता समाईक धरली जाते आणि स्थावर मालमत्तेच्या व्यवहाराला दोघांची संमती लागते. म्हणजे पत्नी फर्ममध्ये नसली तरी या निर्णयात ती पूर्ण भागीदार आहे. घर वडिलांच्या नावावर असेल तर भावंडांचे वारसाहक्कही येतात. बँकेत जाण्याआधी वकिलाकडे जा आणि पत्नीला सोबत न्या.

आता मित्राची फर्म. आठ वर्षं टिकून आहे हे कौतुकाचं आहे, आणि तिच्यात एक खरी किंमत दडलेली आहे जी पत्रात तुम्ही लिहिलेली नाही. सरकारी निविदेत तुम्ही नोकरीत केलेलं काम फर्मचा अनुभव म्हणून धरत नाहीत. केंद्रीय बांधकाम खात्याच्या निविदांत साधारण अट अशी असते की गेल्या सात वर्षांत तशाच स्वरूपाची तीन कामं अंदाजित खर्चाच्या ४० टक्क्यांची, किंवा दोन ६० टक्क्यांची, किंवा एक ८० टक्क्यांचं, फर्मच्या नावावर पूर्ण झालेलं हवं. नवी फर्म काढलीत तर हॉटेलं बांधलेल्या माणसालाही कुंपणाच्या भिंतीपासून सुरुवात करावी लागते. मित्राकडे पूर्णत्वाचे दाखले असतील तर त्यांना मोल आहे. पण त्याचा धंदा एकट्याच्या मालकीचा असेल आणि तुम्ही दोघं नवी भागीदारी फर्म काढणार असाल, तर जुना अनुभव आणि खात्याकडची नोंदणी नव्या फर्मला मिळते का, हे आधी लेखी विचारून घ्या. मिळत नसेल तर वीस लाख नेमके कशाचे, हा प्रश्न उरतो.

त्याच्याकडे तीन वर्षांचे ताळेबंद मागाच, पण त्यावरच थांबू नका. आयकराचं २६एएस विवरण पाहा, कारण कुणी किती पैसे खरोखर दिले आणि त्यावर टीडीएस कापला हे त्यात दिसतं, आणि ते मित्राने स्वतः लिहिलेलं नसतं. जीएसटी विवरणपत्रातली उलाढाल त्याच्याशी जुळते का ते बघा. दोन वर्षांचे बँकेचे उतारे घ्या आणि महिन्याअखेरची शिल्लक एका कागदावर उतरवून काढा. ती सतत ओव्हरड्राफ्टच्या मर्यादेला टेकलेली असेल तर तुमचे वीस लाख नव्या कामांत जाणार नाहीत, जुनी देणी फेडण्यात जातील. चिरेवाला, सळईवाला, सेंट्रिंगवाला (काँक्रीटचे साचे लावणारा) यांची देणी तारखेनुसार लिहून मागा. अडकलेल्या रिटेन्शनची यादी, कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचे भरणे, चालू कोर्टकज्जे, हेही मागा. चांगला मित्र याने दुखावत नाही. दुखावला, तरी ते आज कळलेलं बरं.

एक प्रश्न मात्र त्याला साइटवर उभं राहून विचारा: बार्देशच्या किनारपट्टीत तू कुठलं काँक्रीट वापरतोस आणि कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) किती ठेवतोस? आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक किनाऱ्यालगतच्या बांधकामाला 'तीव्र' परिस्थितीत धरतं. म्हणजे किमान एम ३० ताकदीचं काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, ४५ मिलिमीटर कव्हर. लाटांचे तुषार थेट लागत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. एम २० आणि २५ मिलिमीटर कव्हर धरून दर लावणारा तुमच्याहून नेहमी स्वस्त असतो, आणि पाच-सात पावसाळ्यांनंतर त्याच्या स्लॅबची खालची बाजू सळईच्या रेषेत फुटते. मांडवीवरचा १९७० मध्ये खुला झालेला पूल १९८६ च्या जुलैत कोसळला. आतल्या पोलादाचा गंज इथे काय करतो, हे गोव्यातल्या अभियंत्याला वेगळं सांगायला नको. मित्राचं उत्तर तुम्हाला पटलं नाही तर पुढचे हिशेब पाहायची गरजच नाही, कारण निम्म्या भागीदाराची सही त्या स्लॅबवरही असते.

दर लावताना काय चुकतं तेही सांगतो, कारण मोठ्या कंपनीतून आलेला माणूस इथे हमखास फसतो. काँक्रीटच्या घनमीटरमागे सेंट्रिंगचा एकच सरासरी आकडा धरतात. १२५ मिलिमीटर जाडीच्या स्लॅबला घनमीटरमागे ८ चौरस मीटर सेंट्रिंग लागतं, तर २३० बाय ४५० च्या कॉलमला १३. हॉटेलच्या जाड कॉलमांवर तयार झालेला तुमचा अंदाज बंगल्याच्या बारीक कॉलमांवर तोट्यात जाईल. शिवाय साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस आणि सहा मीटरवरच्या बीमचे एकवीस दिवस काढता येत नाहीत. तेवढे दिवस प्लेटांचं भाडं चालूच राहतं. चिरे मेअखेरीस साठवले नाहीत तर पावसात खाणी बंद आणि दर चढलेले. होळीला परप्रांतीय कामगार गावी गेले की काही दिवस काम थांबतं. आठ महिन्यांचा हंगाम प्रत्यक्षात सात महिन्यांचाच धरा.

भागीदारीचं म्हणाल, तर वालचंद-फाटकांच्या जोडीकडे पुन्हा पाहा. तुम्ही दोघंही स्थापत्य अभियंता, दोघांनाही साइटवर राहायला आवडतं. मग बिलाच्या मागे कोण लागणार? आठ वर्षं मित्र ते करतो आहे आणि कदाचित त्यालाच साइट सांभाळणारा माणूस हवा असेल. मग निम्मी भागीदारी कशाला? मला योग्य वाटतो तो मार्ग असा: एका कामापुरती भागीदारी करा. एक काम, त्याचं वेगळं बँक खातं, दोघांच्या सहीशिवाय पन्नास हजारांवरचा चेक नाही, दर महिन्याला ठरलेली उचल, आणि काम संपल्यावर रिटेन्शनसह हिशेब मिटवण्याची तारीख, हे सगळं नोंदवलेल्या करारात. जुन्या फर्मची देणी या खात्याला लागणार नाहीत, असं स्पष्ट लिहून घ्या. साध्या भागीदारीत देण्यांची जबाबदारी तुमच्या वैयक्तिक मालमत्तेपर्यंत पोचते. एलएलपीत (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीत) ती मर्यादित असते, पण बँक बहुधा वैयक्तिक हमी मागतेच, म्हणून एलएलपी केली की घर सुरक्षित झालं असं समजू नका.

बिल्डरशी करार करतानाही पैसे देण्याची तारीख आणि उशिराचं व्याज लिहून घ्या. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा कायदा आहे, उद्यम नोंदणी जरूर करा, पण बांधकाम कंत्राटांना तो लागू होतो की नाही यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. त्यावर सगळी भिस्त नको. नकाशा उशिरा मिळाला, जागा रिकामी झाली नाही, तर त्याच आठवड्यात पत्र द्या आणि हिंडरन्स रजिस्टरमध्ये (कामातल्या अडथळ्यांच्या नोंदवहीत) नोंद करा. काम संपल्यावर लिहिलेल्या तक्रारीला मोल नसतं.

राहिलं हैदराबाद. ते पद तुम्हाला कागद ढकलण्याचं वाटतं. मला तसं वाटत नाही, पण काम काय आहे यावर ते अवलंबून आहे. उत्तर देण्याआधी कंपनीला विचारा: निविदा आणि दरविश्लेषण, करार आणि दावे, यांपैकी काही माझ्याकडे येईल का? एखाद्या प्रकल्पाचा नफातोटा माझ्या नावावर असेल का? 'हो' आलं तर दोन वर्षांसाठी तिथे जाणं हे तुमचं शिक्षण आहे, तेही पगारासह. 'नाही' आलं तर गोव्यातच राहून कंपनीच्या निविदा विभागात काम मागा. कंपनीला न सांगता मित्राची कामं संध्याकाळी पाहण्याचा मोह मात्र टाळा. नियुक्तिपत्रात त्याला बहुधा बंदी असते, आणि गोव्यात बांधकामाचं वर्तुळ छोटं आहे, चार दिवसांत कळतं.

दोन महिन्यांत तुम्हाला फक्त हैदराबादचं उत्तर द्यायचं आहे. मित्राला तेवढ्याच मुदतीत 'हो' म्हणण्याची सक्ती कुणी केलेली नाही. जायचंच ठरलं तर वेळ ऑक्टोबरची धरा. मार्चमध्ये राजीनामा देऊन मेमध्ये पाया खोदणारा माणूस पहिला पावसाळा बसून खातो. त्याआधी घरखर्चाचे बारा महिन्यांचे पैसे वेगळ्या ठेवीत बाजूला काढा, त्याला फर्मने हात लावायचा नाही. कामगार भरपाईचा विमा आणि कंत्राटदाराचा सर्वजोखमी विमा पहिल्या दिवसापासून घ्या. दीड मीटरहून खोल चर आधार न देता खोदू देऊ नका, मित्र म्हणाला 'इथली माती घट्ट आहे' तरीसुद्धा.

या आठवड्यात मित्राला फोन करा आणि २६एएस, बँकेचे उतारे आणि देण्यांची यादी मागा. त्याला पंधरा दिवस द्या. कागद आले की ते घेऊन सनदी लेखापालाकडे बसा, आणि त्या बैठकीला पत्नीप्रमाणे वडिलांनाही न्या. कर्जाचे हप्ते थकण्याची पहिली लक्षणं त्या खोलीत त्यांनाच सगळ्यात लवकर दिसतील.